थापी हातात, कंत्राटदार कागदावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बांधकाम मजुरांवरची कालची बातमी वाचली. छापलीत, आभार. त्यात एका बिल्डर महाशयांचे म्हणणे आहे की हल्लीचे कारागीर स्वतंत्र व्यावसायिक आहेत, नोकरी त्यांनाच नको असते. वा!

माझा भाचा असाच एक स्वतंत्र व्यावसायिक. लोअर परळला गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये लाद्या बसवतो. भांडवल म्हणजे कटर, थापी आणि ओळंबा. नालासोपाऱ्याहून येऊन सकाळी आठला गेटवर अंगठा लावायचा, सुपरवायझर सांगेल त्या मजल्यावर जायचे, रजेसाठी मुकादमाच्या हातापाया पडायचे. पण लागताना पॅन कार्डाची झेरॉक्स घेतली, चार कागदांवर सह्या घेतल्या आणि गडी कंत्राटदार झाला! दर चौरस फुटावर. लिफ्ट बंद पडून माल वर आला नाही तर त्या दिवसाचे शून्य. लादी फुटली की बिलातून कापणार. वर एक टक्का टीडीएस, म्हणजे बिलातूनच कापलेला आयकर, शिवाय पाच टक्के ‘रिटेन्शन’ म्हणून राखून ठेवायचे. वर्षभरात लाद्या पोकळ वाजल्या नाहीत तर परत. म्हणजे मजुराची अनामत बिल्डरकडे! मी स्वतः साइटवर सुपरवायझरी केलेला माणूस. हिशेब मांडून पाहिला, दिवसाला बिगाऱ्याच्या हजेरीएवढेही पडत नाही.

पीएफचे विचारूच नका. बांधकाम कामगार म्हणून सरकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मागायला गेला तर साइट ऑफिसातला साहेब म्हणतो, ‘‘दाखला मजुरांना देतो, तुम्ही तर कंत्राटदार. स्वतःचा स्वतः द्या की!’’ यासाठीचा कायदा १९९६ साली झाला. मजुरांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कापला जातो, याच्या घामाच्या टॉवरवरही. फक्त हा त्यात मजूर नाही.

कामगार खात्याला फार शोधाशोध करायला नको. गेटवरच्या यंत्रातली रोजची हजेरी काढावी आणि त्या करारपत्राशेजारी ठेवावी.

जाता जाता, ही बातमी आपण आतल्या पानावर तळाला टाकलीत आणि अंकाच्या वर टॉवरच्या पानभर जाहिराती. पहिले पान शोधेपर्यंत चहा निवतो. त्या जाहिरातींची पुरवणी तरी वेगळी काढा, म्हणजे थेट रद्दीत टाकता येईल.

आपला,
एक निवृत्त साइट सुपरवायझर, विक्रोळी