कोपऱ्यातल्या बेस ट्रॅपमध्ये थर्माकोल निघाल्याबाबत तक्रार

कोथरूड, पुणे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: गाणे ऐकण्याच्या खोलीचे अकूस्टिक काम सदोष केल्याबाबत व रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या माणसांनी माझ्या खोलीत अकूस्टिक पॅनेल बसवली. कोटेशन 86,000 रुपयांचे, पैकी 70,000 मी चुकते केले आहेत. उरलेले 16,000 मागायला आपल्याकडून रोज फोन येतो. तक्रारीचा माझा फोन मात्र कोणी उचलत नाही, म्हणून हे पत्र.

खोली 12 बाय 10 फुटांची, उंचीही 10 फूट. रुंदी आणि उंची सारखी असल्याने 56 हर्ट्झच्या आसपास आवाज साचतो. पाहणीला आलेल्या आपल्या प्रतिनिधीला मी हे सांगितले होते, मोजणीचा आलेखही दाखवला होता. "काका, तुम्ही काळजीच सोडा," म्हणाले. कोटेशनमध्ये चारही कोपऱ्यांत बेस ट्रॅप, म्हणजे खर्जाचा साचलेला आवाज शोषणारी जाड पॅनेल, लिहिलेले आहेत: 4 इंच जाडीचे, 48 घनतेच्या (घनमीटरला 48 किलो) रॉकवुलचे, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीचे.

मी मुख्यतः शास्त्रीय संगीत ऐकतो. काम झाल्यावर पहिलीच मैफल लावली तर तानपुऱ्याची जवारीच गायब! भिंतभर चिकटवलेल्या 1 इंची फोमने वरची सगळी झणकार पिऊन टाकली. डग्गा मात्र होता तसाच, पिंप बडवल्यासारखा. 56 हर्ट्झच्या लाटेची लांबी 6 मीटरहून जास्त. तिच्यापुढे इंचभर फोम काय करणार? यावर 'फोमचा एनआरसी (आवाज किती शोषला जातो त्याचा आकडा) 0.7 आहे' असे उत्तर आपण व्हॉट्सॲपवर दिलेत. हा आकडा 250 ते 2000 हर्ट्झमधल्या मोजण्यांची सरासरी असतो. खर्जाबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

खरा प्रकार पुढेच आहे. झाडलोट करताना एक ट्रॅप अलगद हातात आला. इतका हलका कसा, म्हणून रविवारी दारावर आलेल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर टाकला. लाकडी चौकटीसकट सव्वादोन किलो! 4 बाय 2 फुटांच्या ट्रॅपमध्ये नुसते रॉकवुलच साडेतीन किलोंच्या वर भरायला हवे. स्टेपलच्या पिना उचकटून मागचे कापड सोडवले, तर आत थर्माकोल, तोही टीव्हीच्या खोक्यातला. टीव्हीच्या कडेची खाच जशीच्या तशी. रद्दीवाल्यानेही तो घेतला नाही. फोटो सोबत जोडले आहेत.

खालच्या मजल्यावर आवाज जाणार नाही, हेही आश्वासन होते. जातो. आवाज अडवणे हे फोमचे काम नव्हेच; हे आपल्याला ठाऊक नसेल असे मी मानत नाही.

सध्या बायकोने माळ्यावरच्या कापसाच्या दोन गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या आहेत. डग्गा त्यांनी थोडा तरी आवरला.

तरी चारही ट्रॅपची पूर्ण किंमत परत करावी, फोम काढून न्यावा आणि त्याच्या गोंदाने सोललेला भिंतीचा रंग स्वखर्चाने लावून द्यावा. उरलेले 16,000 मी देणार नाही. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
(सही)

ता.क. फोमचा उरलेला तुकडा गच्चीत काडी लावून पाहिला. भडकन पेटला आणि जळते थेंब टपकू लागले. कोटेशनमध्ये 'फायर रिटार्डंट', म्हणजे सहजी पेट न घेणारा, असे लिहिले आहे. त्याचे प्रमाणपत्र उत्तरासोबत पाठवावे.