तक्रार: व्हॅक्यूम टेबल किटचा ब्लोअर जाहिरातीप्रमाणे ओढत नाही, पैसे परत करा

प्रति,
मॅनेजर साहेब, ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

तुमच्या कस्टमर केअरच्या ताई फोनवर म्हणाल्या की सगळं लेखी द्या, म्हणून देतोय, आणि द्यायचंच आहे तर मोजमापासकट देतो म्हणजे परत "टेक्निकल टीमकडे फॉरवर्ड केलंय" एवढंच उत्तर यायला नको. ऑर्डर नंबर ईमेलच्या सब्जेक्टमध्ये आहे, बिल आणि व्हिडिओ जोडलेत. माल म्हणजे दोन बाय चार फुटी सीएनसी राउटरसाठीचं (कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कोरायचं मशिन) व्हॅक्यूम टेबल किट, त्यात दोन एचपी सिंगल फेज रिंग ब्लोअर म्हणजे हवा ओढणारा पंप, फिल्टर, चार बॉल व्हॉल्व्ह, होज, रबरची दोरी आणि टेबल कसं बनवायचं त्याची तुमचीच पीडीएफ. जीएसटी आणि ट्रान्सपोर्ट धरून ४३,८०० रुपये, सगळे अ‍ॅडव्हान्स.

माझं सीएनसी राउटर घरी बनवलेलं आहे, अ‍ॅल्युमिनियम एक्स्ट्रुजनची फ्रेम, बॉलस्क्रू, २.२ किलोवॅटचा पाण्यावर थंड होणारा स्पिंडल म्हणजे बिट फिरवणारी मोटर. पुण्यात पेठेतल्या जुन्या घराच्या तळमजल्यावर एकट्यानेच काम करतो, नावाच्या पाट्या वर्षभर आणि गणपतीच्या आधी एमडीएफची मखरं. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून लोक लाकडी-एमडीएफ मखर मागतात, आणि मखर म्हटलं की तीन एमएमच्या शीटमधनं निघणारी नक्षी, कमानी, छोटे छोटे तुकडे. तीन एमएम शीट कडेला क्लॅम्प लावून कितीही आवळा, मधे फुगतेच, मग एका बाजूला खोली बरोबर येते आणि मधे नक्षी नको तेवढी खोल जाते. मास्किंग टेप आणि फेविक्विक लावून पण करतो पण त्यात अर्धा दिवस चिकटवण्यात आणि सोडवण्यात जातो. व्हॅक्यूम टेबलचं काम हेच की खालनं हवा ओढून शीट सगळीकडनं सपाट दाबून धरायची. म्हणून घेतलं.

आता मुद्दा. तुमच्या जाहिरातीत एकाच ओळीत लिहिलंय, व्हॅक्यूम ३०० मिलीबार, फ्लो २१० घनमीटर प्रति तास, एमडीएफ स्पॉइलबोर्डवर चालतो, रिलीफ व्हॉल्व्हसहित. (स्पॉइलबोर्ड म्हणजे कापायच्या मालाखाली टाकायचा एमडीएफचा पाट, रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे व्हॅक्यूम फार वाढला की बाहेरची हवा आत घेणारा व्हॉल्व्ह.) साहेब, हे दोन आकडे कुठल्याच ब्लोअरला एकाच वेळी मिळत नाहीत. तोंड पूर्ण उघडं ठेवलं तर फ्लो जास्तीत जास्त आणि व्हॅक्यूम जवळजवळ शून्य, तोंड पूर्ण बंद केलं तर व्हॅक्यूम जास्तीत जास्त आणि फ्लो शून्य. खरं काम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी होतं आणि ते कुठे होतं हे परफॉर्मन्स कर्व्ह, म्हणजे किती व्हॅक्यूमला किती हवा खेचतो त्याचा आलेख, बघितल्याशिवाय कळत नाही. बाइकचा टॉप स्पीड आणि मायलेज एका ओळीत छापून गिऱ्हाइकाला असं भासवायचं की त्या स्पीडला तेवढं मायलेज मिळेल, त्यातला हा प्रकार आहे. कर्व्ह मी ऑर्डरच्या आधी मागितला होता, तेव्हा "सर टेन्शन नका घेऊ, आपले बरेच कस्टमर वापरतात" असा मेसेज आला, तो स्क्रीनशॉट पण जोडलाय.

टेबल तुमच्या पीडीएफप्रमाणेच केलंय. खाली एकोणीस एमएमचा प्लाय, त्यावर सनमायका, पंचवीस एमएम अंतरावर खाचा, चार झोन म्हणजे वेगवेगळ्या व्हॉल्व्हवरचे चार भाग. वर बारा एमएमचा साधा एमडीएफ, त्याची दोन्ही बाजूंची कडक साल मशिनवरच तासून काढलेली कारण साल असली की हवा त्यातनं नीट जात नाही, आणि चारी कडा फेविकॉल आणि ऑइलपेंट मारून बंद केलेल्या. जॉब म्हणजे कापायचा माल ठेवला, व्हॉल्व्ह उघडले, ब्लोअर चालू केला, आणि हाताने ढकलला तर सरकला. कटिंग करताना तर एक अक्षर निम्मं झालेलं असताना फिरलं आणि सहा एमएमचा कार्बाइड बिट गेला, आणि गिऱ्हाइकाची पाटी पण गेली.

फोन केला तेव्हा तुमच्या इंजिनिअरचं पहिलं वाक्य होतं, "सर मशिन होममेड आहे ना, मग लीकेज असणार." बघायला आले नाहीत, फोटो मागितले नाहीत, निदान झालं. तर म्हटलं ठीक आहे, टेबल बाजूलाच ठेवू, नुसता ब्लोअर मोजू.

बोहरी आळीतनं व्हॅक्यूम मोजायचं गेज आणलं पण ते शून्य ते ७६० एमएम पाऱ्याचं, त्याच्या सुरुवातीच्या भागात बारीक फरक दिसतच नाही. त्यामुळे गवंडी लेव्हल काढायला जी पारदर्शक नळी वापरतात ती घेतली, जिन्यात वरपासून खालपर्यंत सोडली, खालचं टोक रंगीत पाण्याच्या बादलीत आणि वरचं टोक ब्लोअरच्या सक्शनला, सक्शनचं बाकी तोंड पूर्ण बंद. यात कंपनीचं गेज नाही की माझं गेज नाही, पाणी जितकं चढेल तितकं चढेल. ३०० मिलीबार म्हणजे पाणी दहा फूट चढायला पाहिजे. चढलं सहा फूट चार इंच, म्हणजे १९० मिलीबारच्या आसपास. ही सगळं तोंड बंद असतानाची, ब्लोअरसाठी सगळ्यात सोयीची परिस्थिती. चालू असताना व्होल्टेज २२८ होतं, मीटर व्हिडिओत दिसतोय, म्हणजे लाइनला नावं ठेवायला जागा नाही.

यावर दुसऱ्या फोनला उत्तर आलं की पुणे उंचावर आहे म्हणून व्हॅक्यूम कमी येतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ, तेवढाच ब्लोअरचा जोर कमी होतो हे मान्य. म्हणजे दहा फुटांचे सव्वानऊ फूट व्हावेत. सहा फूट चार इंच कसे होतील? आणि त्याच फोनवर मला वरचं मॉडेल घ्या म्हणून सांगितलं, ते "गॅरंटीड ७६० एमएम" देतं म्हणे. इथे बॅरोमीटरच, म्हणजे हवेचा सगळा दाबच, ७१० एमएमच्या आसपास असतो. जेवढी हवा डोक्यावर आहे तिच्यापेक्षा जास्त ओढणारा पंप अजून कोणी बनवलेला नाही, तुमच्या सेल्सवाल्यांना एवढं तरी सांगा.

आता टेबल जोडून. अर्ध्या टेबलावर मावेल एवढा जॉब ठेवला, चारी झोन चालू, टेबलाच्या आतल्या खाचेला तीच नळी लावली. पाणी दोन फुटांवर थांबलं, म्हणजे ६० मिलीबार. मग संपूर्ण स्पॉइलबोर्डवर जाड प्लास्टिक अंथरलं तर पाणी परत सहा फुटांच्या वर गेलं. याचा अर्थ साधा आहे, माझे जॉइंट, खाचा, कडा कुठेच लीक नाहीत, नाहीतर प्लास्टिक टाकून पण चढलं नसतं. हवा फक्त एमडीएफच्या अंगातनं येते, जी येणारच आहे, त्याच तत्त्वावर हे टेबल चालतं आणि म्हणूनच जाहिरातीत "एमडीएफ स्पॉइलबोर्डवर चालतो" लिहिलंय. तेवढी हवा खेचून सुद्धा व्हॅक्यूम टिकवायची ताकद या ब्लोअरमध्ये नाही.

आणि जी थोडीफार आहे ती तुमच्याच होजने मारली. ब्लोअरचं तोंड दोन इंची, किटमधली होज आणि व्हॉल्व्ह एक इंची! व्यास निम्मा केला की आतली जागा चौथा हिस्सा उरते. मी पदरचे पैसे घालून दोन इंची पीव्हीसी पाइप आणि व्हॉल्व्ह लावून पाहिलं तर दोनाचे तीन फूट झाले, यापुढे काही जात नाही.

जाहिरातीतलं "दोन टनांपेक्षा जास्त पकड" हे वाक्य गणिताने बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. दोन बाय चार फुटाचं सगळं टेबल झाकलेलं असेल आणि खरोखर ३०० मिलीबार असेल तर तेवढं वजन येतं. पण कापायचं असतं दहा बाय दहा सेंटिमीटरचं अक्षर. त्यावर ३०० ला तीस किलो दाब पडतो आणि मला मिळणाऱ्या ६० ला सहा किलो. शिवाय बिट ढकलतो आडवा, आडवं धरून ठेवतं ते घर्षण, ते या दाबाच्या एक तृतीयांश धरलं तर दोन किलो. दोन किलोला अक्षर नाही थांबत साहेब. लहान तुकड्याला टॅब (शीटला धरून ठेवणारे न कापलेले छोटे जोड) ठेवावे लागतात, डाउनकट बिट (माल वर न उचलता खाली दाबणारा) वापरावा लागतो हे मला माहितीये, दोन्ही केलंय.

आता सगळ्यात गंभीर. रिलीफ व्हॉल्व्ह खोक्यात नाहीच. पॅकिंग लिस्टमध्ये लिहिलाय, पुढे टिक पण केलीये, वस्तू नाही, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे. आता अ‍ॅक्रिलिक किंवा लॅमिनेटची शीट पूर्ण टेबलावर ठेवली की हवा जायचा रस्ता बंद होतो, रिंग ब्लोअर आतनं जाणाऱ्या हवेनेच थंड राहतो, त्यामुळे बॉडी हात लावू देत नाही इतकी तापते आणि मोटर ट्रिप होते. मशिन चालू असताना ब्लोअर ट्रिप झाला म्हणजे जॉब सुटला आणि स्पिंडल अठरा हजार आरपीएमवर फिरतोय. सुटलेला तुकडा कुठे उडेल याचा नेम नसतो. माझ्याकडे शिकायला भाचा येतो, कॉलेजातला पोरगा, तो समोर उभा असतो. ही गोष्ट तुमच्या माणसाला सांगितली तर म्हणाला रिलीफ व्हॉल्व्ह "ऑप्शनल अ‍ॅक्सेसरी" आहे, २,२०० रुपये पडतील. जाहिरातीत "सहित", लिस्टमध्ये टिक आणि फोनवर ऑप्शनल!

वॉरंटीबद्दल तुमचं म्हणणं असं की होममेड मशिनला जोडला म्हणून वॉरंटी रद्द. किटचं नावच घरी टेबल बनवायचं किट आहे, सोबत टेबल बनवायची पीडीएफ देताय, मग दुसऱ्या कशाला जोडणार होतो? आणि "तुम्ही धंद्यासाठी घेतलंय म्हणजे तुम्ही ग्राहक नाही" असंही ऐकवलं गेलं, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्वयंरोजगारासाठी, स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू "धंद्यासाठी" या व्याख्येतनं वगळलेली आहे, म्हणजे मी ग्राहकच आहे, तुमच्या वकिलांना विचारा.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहितो. ब्लोअर आणि पूर्ण किट तुमच्या खर्चाने उचला आणि ४३,८०० रुपये ज्या खात्यातनं आले त्याच खात्यात परत करा. तुटलेल्या बिटचे आणि वाया गेलेल्या पाटीचे पैसे वेगळे, बिल जोडलंय. बदली ब्लोअर द्यायचा असेल तर आधी त्या मॉडेलचा कर्व्ह पाठवा, त्यात १५० मिलीबारला किती घनमीटर हवा खेचतो ते दिसलं पाहिजे, सोबत रिलीफ व्हॉल्व्ह आणि दोन इंची होज, आणि आकडा मला पटला तरच मी हो म्हणेन. कर्व्हशिवाय दुसरा ब्लोअर पाठवलात तर गाडी दारातनं परत जाईल. आणि जाहिरातीतली ती ओळ बदला, अजून तशीच आहे, काल रात्री बघितली.

ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. पोच आली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवीन, आणि महिन्यात काही झालं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, मी राहतो तिथेच दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंत फी पण नाही. कोर्टकचेरीची मला हौस नाही, मखरांची कामं डोक्यावर आहेत. पण जाईन.

सामान मूळ खोक्यात भरून ठेवलंय, फक्त तुमची एक इंची होज कापून वापरली होती ती तशीच ठेवलीये. टेम्पो पाठवायचा तर सकाळी दहाच्या आत पाठवा, त्यानंतर आमच्या गल्लीत मोठी गाडी वळत नाही, आणि ब्लोअर जड आहे, दोन माणसं लागतील. निघताना ड्रायव्हरला बिलावरच्या नंबरवर फोन करायला सांगा.

आपला,
(नाव आणि पत्ता बिलावर आहे तोच)

सोबत: बिल, पॅकिंग लिस्टचा फोटो, अनबॉक्सिंगचा आणि पाण्याच्या नळीचा व्हिडिओ, मेसेजचे स्क्रीनशॉट, बिट आणि पाटीचं बिल