साउंड कार्ड घेण्याआधी चार्जर काढून ऐका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लॅपटॉपवर गाणी ऐकण्यासाठी बाहेरचं साउंड कार्ड, म्हणजे यूएसबीला लावून आवाज काढणारी डबी, कोणतं घ्यावं, याविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. 24 बिट, 192 किलोहर्ट्झ, 7.1 चॅनेल असे आकडे भरपूर आहेत. पण मुळात कार्ड घ्यायचं कशासाठी, ते काही सापडलं नाही. मी मिरजेत गाण्याचे वर्ग घेते. मुलं हल्ली लॅपटॉपवर तानपुरा लावून रियाज करतात आणि परीक्षा जवळ आली की पालक हाच प्रश्न घेऊन येतात. म्हणून हा पत्रप्रपंच.

लॅपटॉपमध्ये आकड्यांचा आवाज करणारी चिप प्रोसेसर आणि वायफायच्या शेजारी, त्याच बोर्डावर दाटीवाटीनं बसवलेली असते. साध्या लॅपटॉपमध्ये या शेजाऱ्यांची खुडबुड हेडफोनमध्ये उतरते. माउस हलवला की किरकिर, गाणं थांबलं की बारीक सूं. बाहेरचं कार्ड हे काम त्या गर्दीतून बाहेर काढतं. तेव्हा कार्डात शोधायची ती शांतता. तुमच्या लॅपटॉपला हा त्रासच नसेल तर पैसे हेडफोनवर घाला. फरक तिथे जास्त पडतो.

पण एक गुणगुण अशी आहे की ती कार्डानं जात नाही, आणि लेखात तिचं नावही नाही. विशारदची एक मुलगी लॅपटॉप आणि विजेवर चालणारे स्पीकर घेऊन आली. कार्ड नवं, महागाचं. तानपुरा लावला आणि खर्जाखाली काहीतरी हेलकावे खायला लागलं. तिची पट्टी काळी चार, म्हणजे खर्ज सेकंदाला 104 कंपनांच्या, म्हणजे 104 हर्ट्झच्या आसपास. आपली वीज 50 हर्ट्झची; तिची गुणगुण 50 वर आणि दुपटीत 100 वरही येते. 100 आणि 104 शेजारी वाजले की सेकंदाला चारेक हेलकावे येणारच. पोरगी बिचारी तानपुरा नीट लागला नाही म्हणून ॲपमध्ये सूर वरखाली करत बसली होती. चार्जर काढला, गुणगुण बंद.

कारण साधं आहे. लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीला, स्पीकर दुसऱ्या भिंतीला. दोघांचं अर्थिंग ऑडिओच्या वायरीतून एकमेकांना भेटतं आणि त्या वेटोळ्यात विजेची गुणगुण फिरत राहते. यूएसबी कार्ड मध्ये घातलं तरी यूएसबीच्या वायरीतून तोच रस्ता चालू राहतो. उपाय खर्चाचे नाहीत. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून बघा. नाही गेली तर हे वेटोळं तोडणारी, ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, काहीशे रुपयांत. स्पीकरला किंवा ॲम्प्लिफायरला ऑप्टिकलची सोय असेल तर ऑप्टिकल आउटचं कार्ड घ्या. त्या वायरीतून प्रकाश जातो, वीज जात नाही. मात्र प्लगची अर्थिंगची पिन मोडून गुणगुण घालवणारे महाभाग आहेत, त्यांचं ऐकू नका. ती पिन जीव वाचवायला असते.

आता आकड्यांकडे. सीडी 1982 पासून 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झवर चालत आली आहे, म्हणजे तिच्यात सेकंदाला 44,100 वेळा आवाजाचं माप असतं आणि प्रत्येक माप 16 बिटांच्या बारकाईचं. त्यात याच्या निम्म्यापर्यंतचा, म्हणजे 22 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. माणसाचा कान तरुणपणी जेमतेम 20 पर्यंत जातो, माझ्या वयात तर त्याच्या बराच अलीकडे थांबतो. आमच्या गावचे अब्दुल करीम खाँसाहेब ज्या जुन्या तबकड्यांवर ऐकायला मिळतात, त्यांत आठ-दहा किलोहर्ट्झच्या पुढे खरखरीशिवाय फारसं काही नाही. तिथे 192 किलोहर्ट्झ काय उजेड पाडणार? कित्येकांचा तर 192 केबीपीएसच्या (सेकंदाला 192 किलोबिट माहितीच्या) एमपीथ्रीशी गोंधळ होतो. दोन्हींत 192 आहे, एवढंच साम्य.

शे-दोनशे रुपयांच्या डबीवर 7.1, म्हणजे आठ स्पीकरांचा आवाज, असं छापलेलं असतं आणि हेडफोनचं भोक मात्र एकच! आवाज दोनच बाजूंनी येणार, बाकीचा देखावा सॉफ्टवेअरचा. त्यापेक्षा मोबाइलसाठी मिळणारा, टाइप-सीचं हेडफोन जॅक करून देणारा ॲपलचा छोटा डोंगल लॅपटॉपलाही चालतो. आत खरंखुरं कार्ड असतं आणि 32 ओहमच्या (ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप) साध्या हेडफोनला ते पुरतं. हेडफोन 250-300 ओहमचे असतील तरच जास्त जोराचं कार्ड बघा. आणि लॅपटॉपवर अजून विंडोज 7 असेल तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मिळतो का, हे आधी विचारा. काही कार्डं तिथे नुसती दिवा लावून बसतात.

दुकानात जाल तेव्हा स्वतःचा लॅपटॉप, चार्जर आणि हेडफोन न्या. दुकानदार ढोलकी-बास ठणाणणारं गाणं लावेल. त्यात सगळीच कार्डं गोड वाजतात. तुम्ही नुसता तानपुरा लावा, आवाज वाढवा, मग तो थांबवा आणि मागे काय उरतं ते ऐका. एकदा चार्जर लावून, एकदा काढून.

पुरवणीत पुढचा लेख येणार असेल तर आकड्यांचा तक्ता थोडा कमी करून अर्थिंगला अर्धा रकाना द्यावा, ही विनंती.

आपली,
गाण्याच्या एक शिक्षिका, मिरज