दांडिया बाजारातल्या काकांना, खटक्याबद्दल

काका, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "हो हो, ठेव आता, बिल वाढतंय" म्हणता आणि खरंच ठेवता. हल्ली मिनिटांवर बिल येत नाही हे तीनदा सांगून झालं. म्हणून हे उघडं पत्र. तुमची नात वाचून दाखवेल, आणि संपेपर्यंत तुम्हाला उठू द्यायचं नाही असं तिला बजावलंय.

बाकीच्यांना काही कळावं म्हणून आधी थोडं सांगते. गुलमर्गला बर्फावरच्या खेळांचं सामान भाड्यानं देणाऱ्या एका गृहस्थांसाठी मी स्नोबोर्डची बाइंडिंग करत होते. बाइंडिंग म्हणजे फळीवर बसवलेला तो साचा, ज्यात बूट अडकवायचा. खाली बैठक, मागे पोटरीला टेकणारी उंच पाठ, आणि वरून दोन पट्टे, एक घोट्यावर, एक बोटांवर. स्वतःची फळी असलेला माणूस हे एकदा आपल्या मापाला लावतो आणि विसरतो. भाड्याच्या दुकानात मात्र सकाळी पाच नंबरचा बूट, दुपारी अकरा नंबरचा, आणि लावणारा मुलगा बर्फात उभा, हातात जाड मोजे.

त्यात आणखी एक अडचण. स्कीची बाइंडिंग जोरात पडलं की आपोआप सुटते, सुटायलाच हवी, नाहीतर गुडघा पिळतो. स्नोबोर्डची सहसा सुटत नाही. दोन्ही पाय एकाच फळीवर असतात, त्यातला एक सुटला आणि दुसरा अडकून राहिला तर अख्खी फळी त्या एका पायाला पिळणार. म्हणजे पट्टा धरला की धरला पाहिजे, आणि माणसानं सोडला की लगेच सुटला पाहिजे.

हे सगळं मी तुम्हाला मे महिन्यात सांगितलं. बाहेर बेचाळीस डिग्री, तुमचा पंखा कुरकुरतोय, आणि मी बर्फाच्या गोष्टी करतेय. १९६५ साली अमेरिकेत शर्मन पॉपेन नावाच्या माणसानं मुलींसाठी दोन स्की जोडून पहिली अशी फळी केली, हेही मी हौसेनं सांगितलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "मग पाय कशानं बांधले?" म्हटलं, बांधलेच नव्हते. पुढच्या टोकाला दोरी, ती हातात धरायची. "म्हणजे तुझं काम त्यानं तुझ्यासाठी ठेवलं," म्हणालात, आणि चष्मा लावून ड्रॉइंग ओढून घेतलंत.

मी बडोद्याच्या कलाभवनची. सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या संस्थेत शिकले याचा मला जरा जास्तच अभिमान, हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही तो दर वेळी उतरवता. त्या दिवशी ड्रॉइंगमधल्या रॅचेटवर, म्हणजे दातांची पट्टी आणि तिला एकाच दिशेनं सरकू देणारा खटका यांच्यावर, बोट ठेवून म्हणालात, "इंजिनेरबेन, हे स्प्रिंग थकलं की काय?" मी म्हटलं, थकणार नाही, चांगलं स्टील आहे. तुम्ही उठलात, कपाटावरून ते चावीचं जुनं घड्याळ काढलंत आणि मागचं झाकण उघडून चावी दिलीत. टक, टक, टक. मग त्या चाकाच्या दातात बसणाऱ्या इवल्याशा खटक्याचं स्प्रिंग नखानं वर धरलंत. घड्याळाची कमान, म्हणजे मुख्य स्प्रिंग, पूर्ण ताणलेली, तरी खटका जागचा हलला नाही.

"स्प्रिंग खटक्याला दातापर्यंत नेऊन सोडते. धरायचं काम दाताचं. तुझा सगळा भार स्प्रिंगवर आहे."

खरंच होता. माझा खटका ज्या पिनेवर फिरतो ती अशा जागी होती की पट्ट्यावर ओढ आली की दात खटक्याला बाहेर ढकलायचा, आणि बिचारं स्प्रिंग त्याला दाबून ठेवायचं. मी घरी जाऊन आकडेमोड केली. पिन थोडी सरकवली, दाताचं तोंड सरळ उभं न ठेवता आतल्या अंगाला जरासं कललेलं केलं. आता पट्टा जितका ओढला जाईल तितका खटका दातात खोल रुततो. चार वर्षं शिकलेलं, परीक्षेत लिहिलेलं, आणि ड्रॉइंग काढताना डोक्यात आलंच नव्हतं.

दातांत बर्फ भरतो, मग खटका बसत नाही, हेही मी तेव्हाच सांगितलं. तुम्ही आयुष्यात बर्फ पाहिलेला तो गोळ्याचा. पण माकरपुऱ्याच्या कारखान्यांत तीस वर्षं लोखंडाचा चुरा पाहिलाय. "चुरा अडकतो तिथं त्याला खालून वाट काढून द्यायची." पट्टीला दातांच्या तळाशी आरपार फटी ठेवल्या. खटका खाली येतो आणि बर्फ त्या फटीतून पलीकडे ढकलतो.

मग ती पट्टी. पहिले नमुने मी पॉलिप्रॉपिलीनचे केले होते. स्वस्त, हातात छान वाकणारे, आपल्या डब्यांचं नि खुर्च्यांचं प्लास्टिक. मी खूश. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त दोन पट्ट्या खिशात घातल्यात आणि कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवल्यात. सकाळी त्याच्या ओट्यावरच एक वाकवली. फटकन दोन तुकडे. ते प्लास्टिक शून्याच्या आसपासच ठिसूळ व्हायला लागतं, आणि गुलमर्गला चिल्लई कलानच्या, म्हणजे कडाक्याच्या थंडीच्या, चाळीस दिवसांत रात्री उणे दहाच्या खाली जातं. मी म्हटलं, पुस्तकात आहे हे. तुम्ही म्हणालात, "असणारच." आता पट्ट्या थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनच्या आहेत, ते थंडीतही लवचीक राहतं. त्या आइस्क्रीमवाल्याचेही आभार, त्यानं बटरस्कॉचच्या शेजारी जागा दिली.

टाचेचं श्रेय मात्र तुम्हाला एकट्याला देणार नाही. पुढे झुकलं की बुटाची टाच उठते, ही माझी तक्रार ऐकून तुम्ही मला मांडवीजवळच्या मोचीकाकांकडे नेलंत. मी घोट्याचा पट्टा आणखी घट्ट, आणखी रुंद करत चालले होते. त्यांनी बूट हातात घेतला, अंगठ्यानं वरून दाबला आणि मान हलवली. वरून दाबलं तर पाय दुखेल आणि टाच तरीही उठेल. मग तोच अंगठा तिरका धरून बूट मागे ढकलला. टाच बाइंडिंगच्या मागच्या खोलगट कपात जाऊन बसली. पट्ट्याची टोकं आता बैठकीवर मागे, खालच्या अंगाला अडकवली आहेत, आणि पुढचा पट्टा बोटांच्या वरून न जाता टोकावरून टोपीसारखा बसतो. दोन्ही मिळून बूट मागेच ओढतात, तेही कमी ताणात. मोचीकाकांनी पैसे घेतले नाहीत, चहाचेसुद्धा त्यांनीच दिले. त्यांना या पत्राबद्दल सांगा.

बाकी किरकोळ. बैठकीच्या मधली चकती चार स्क्रूंनी फळीला बसते आणि तिच्या दातांवर तीन-तीन अंशांनी पायाचा कोन बदलतो. ते स्क्रू समोरासमोरच्या जोडीनं आवळायचे, गाडीच्या चाकासारखे, ही तुमची सूचना मी भाड्याच्या दुकानात चित्र काढून लावायला पाठवली. तिथला पोरगा ते वाचतो की नाही, देव जाणे.

आणि "चालशे", म्हणजे "चालेल", म्हणणं तुम्ही माझ्याकडून सोडवलंत. बडोद्यात राहून हे किती अवघड, ते बडोदेकरांनाच कळेल.

या हिवाळ्यात बारा जोड्या गुलमर्गला वापरात होत्या. पट्टा निसटल्याची तक्रार एकही नाही. एक वेगळी तक्रार आहे. खटका सोडायची तरफ लहान पडते, जाड मोज्यांतून बोटाला सापडत नाही. नवीन तीन नमुने केलेत. रविवारी दहाला घेऊन येते. स्कूटरचे हातमोजे एकावर एक दोन घालून तुम्हीच करून बघा, तुमच्या बोटांना जमलं तर तिकडच्या पोरांना जमेल. सेव-उसळ मी आणते, तरी वेगळी बांधून.

घड्याळाचं मागचं झाकण शोधू नका. मेपासून माझ्याकडेच आहे.

तुमची,
इंजिनेरबेन