फॉलबिग खटल्याबद्दल मंदारला

प्रिय मंदार,
स. न.

"एकाच घरातली चार मुलं झोपेत जातात? मला नाही पटत," असं फोनवर म्हणालास. ऑस्ट्रेलियातल्या ज्युरीलाही पटलं नव्हतं. त्यामुळेच पोटच्या चार मुलांना मारल्याच्या आरोपावरून कॅथलीन फॉलबिगची २००३पासून वीस वर्षं तुरुंगात गेली. केलेब, पॅट्रिक, सारा, लॉरा. चौघं १९८९ ते १९९९च्या दरम्यान गेली. केलेब तर १९ दिवसांचा. गुदमरवल्याची खूण एकाच्याही अंगावर नव्हती. पुरावा काय, तर तिच्या डायऱ्या आणि 'एवढा योगायोग असतो का?' हा तुझाच प्रश्न.

पुढे शास्त्रज्ञ कॅरोला विनुएसा आणि सहकाऱ्यांनी जनुकं तपासली. दोन्ही मुलींना आईकडून काल्म-२ या जनुकातला एक दुर्मीळ बदल आला होता. हे जनुक कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन बनवतं. हृदयाच्या पेशींतला कॅल्शियमचा व्यवहार तेच सांभाळतं. तिथे गडबड झाली की ठोके एकाएकी बेताल होतात. साध्या तापाचं निमित्तही पुरतं. आणि शवविच्छेदनात काही सापडत नाही, कारण बिघडलेली लय मागे खूण ठेवत नाही. मग आई कशी जगली? एकच बदल एकाला मारतो, दुसऱ्याला सोडतो. हे आम्हा डॉक्टरांना नवीन नाही.

मुलग्यांमध्ये मात्र हा बदल नव्हता. त्यांच्यात बीएसएन या दुसऱ्याच जनुकातले बदल सापडले, पण तो पुरावा मला लंगडाच वाटतो. तरी वकीलसाहेब, खरी गंमत इथेच आहे. चारही मृत्यू एकमेकांचे साक्षीदार म्हणून उभे केले होते. त्यातले दोन फितूर झाल्यावर उरलेल्या दोघांच्या जोरावर काय सिद्ध करणार? डायऱ्यांतही नंतरच्या फेरचौकशीला कबुली नाही, तर स्वतःलाच दोष देणारी आई दिसली. जून २०२३मध्ये माफी मिळाली, डिसेंबरमध्ये दोषी ठरवणारा निकालच रद्द झाला.

इंग्लंडच्या सॅली क्लार्कचा खटला आठव. तिच्यावर दोन बाळांच्या खुनाचा आरोप होता. एक बाळ असं अचानक जाण्याची शक्यता ८,५४३त एक धरली, आणि दोन बाळांसाठी ८,५४३ला ८,५४३ने गुणून 'सात कोटी तीस लाखांत एक' असा आकडा कोर्टापुढे ठेवला होता. भावंडं म्हणजे काय छापा-काटा आहे? रक्त एकच, तर धोकाही एकच असू शकतो!

फॉलबिगच्या मुलांचा डीएनए मिळाला तो जपून ठेवलेल्या नमुन्यांतून. त्यात जन्मानंतर टाचेतून घेतलेले रक्ताचे ठिपकेही होते. आपल्याकडे बहुतेकदा त्याच दिवशी मूठमाती देतात, मागे काही उरत नाही, आणि बोल सुनेला लागतो. पंचनाम्याच्या वेळी असा एक ठिपका जपून ठेवायला कायद्याची काय आडकाठी आहे? सविस्तर लिहून कळव. फोनवर तू नुसता भांडतोस.

तुझा,
अविनाश