वंशावळ छापण्याआधी

नाशिक

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमची वंशावळीची वही पोचली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुमची ओळ पुन्हा सरळ यायला लागली आहे, ते बघूनच बरं वाटलं. कुळधर्माला घराण्याच्या सगळ्या पात्या जमतील तेव्हा छापून वाटायची, हा बेतही मला पटला. पण थोरल्या आजोबांच्या नातवाने, दादाने, अमेरिकेहून येताना आणलेली डीएनएची दोन किटं तुमच्या टेबलावर आहेत आणि "लाळ देऊन टाकतो, म्हणजे वाद मिटला" असं तुम्ही फोनवर म्हणालात, म्हणून हे लांबलचक पत्र. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, आणि आई मधेच जेवलीस का विचारते.

आधी वाद काय तो नीट मांडते, कारण प्रत्येक जण वेगळाच प्रश्न विचारतोय. थोरले आजोबा आणि आपले आजोबा सख्खे भाऊ की सावत्र, एवढाच तो आहे. तुमच्या वहीत पणजोबांची एकच बायको आहे. आत्या म्हणते, "मोठी माय मानमोडीत गेली, मंग धाकली आली." मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. तुम्ही म्हणता, घराण्याच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्या भाटाच्या वहीत दुसरी बायको नाही, म्हणजे नव्हतीच.

बाबा, भाटाची वही मलाही आवडते. लहानपणी ओसरीवर बसून तो नावं गायचा तेव्हा अंगावर काटा यायचा. पण ती सगळी सारख्या वजनाची नाही. तो दर काही वर्षांनी येतो, घरात नवीन झालेल्या मुलांची नावं घरच्यांना विचारून घालतो, शिधा-कापड घेऊन जातो. म्हणजे अलीकडच्या चार-पाच पिढ्या त्याच्या बापाने, आजाने त्या-त्या वेळी लिहिलेल्या आहेत आणि तेवढ्यापुरती ती चांगलीच भरवशाची आहे. त्याच्या मागचं सगळं जुन्या वहीवरून नव्या वहीत उतरत आलेलं. उतरवताना एखादं नाव गळतं, दोन सारखी नावं एक होतात, आणि यजमानाला आवडेल असा एखादा पराक्रमी पूर्वज वरच्या टोकाला येऊन बसतो. शिवाय आपल्या भाटाने बायकांची नोंद कधी धड ठेवलेली नाही. जिथे तो लिहीतच नाही, तिथे त्याचं न लिहिणं हा पुरावा कसा होईल? इतिहासकार राजवाड्यांचं नाव तुम्ही ऊठसूट घेता. त्यांनी बखरींवर विसंबायचं सोडून अस्सल पत्रांसाठी गावोगाव पायपीट केली. आपल्या घरची बखर म्हणजे ही भाटाची वही.

आता अस्सल कागद कुठे मिळेल ते बघू. मानमोडीची ती साथ 1918 ची. पावसाळा सरता सरता आली आणि दिवाळीच्या आसपास गावंच्या गावं आडवी झाली. पहिली पणजी त्यात गेली असेल तर गावच्या जन्म-मृत्यूच्या कोतवाल बुकात, म्हणजे आताच्या गाव नमुना नंबर 14 मध्ये, सप्टेंबर ते डिसेंबर 1918 च्या पानांवर तिचा मृत्यू सापडायला हवा. बहुतेक "अमक्याची बायको, वय अमुक, ताप" एवढंच असेल. पण ती ओळ चार-आठ दिवसांत, आपल्या वंशावळीशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाने लिहिलेली असते. मला ती शंभर वर्षांनंतरच्या आठवणीपेक्षा जड वाटते.

तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज केला तर नक्कल मिळते. नोंद मोडी लिपीत असेल, तर वाचणाऱ्याला आपल्याला हवं ते उत्तर आधी सांगू नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा धरबंध नसतो, अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतात. सांगितलेलं नाव त्यात दिसतंच. 2023 पासून कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने ही जुनी दप्तरं बरीच हाताळली, स्कॅन केली गेली आहेत, त्यामुळे अर्ज घेणारा कारकून पूर्वीसारखा चक्रावणार नाही. आणि 1906 च्या आधीचं काही शोधायची वेळ आली तर जळगावात अडून बसू नका. तोवर खानदेश एकच जिल्हा होता आणि त्याची कचेरी धुळ्याला होती.

जन्माच्या नोंदीत एक खोच आहे. बहुतेक ठिकाणी मुलाचं नावच नसतं. बापाचं नाव आणि पुढे "मुलगा". तो थोरला, की बारशाआधीच गेलेला एखादा, हे त्या ओळीवरून कळत नाही. म्हणून एक नोंद सापडली की उड्या मारू नका. 1915 ते 1921 ची सगळी पानं बघा, जन्म आणि मृत्यू दोन्ही.

शाळेच्या रजिस्टरात थोरल्या आजोबांची तारीख 1 जून 1917 आहे असं तुम्ही लिहिलंय आणि खाली जाड रेघ मारून "पक्का पुरावा" असा शेरा दिलाय. बाबा, तुम्ही जन्मभर मास्तरकी केलीत. किती पोरांच्या नावापुढे तुम्ही स्वतः 1 जून घातला असेल? पोराला शाळेत बसवायचं, वय सहा भरायला हवं, बापाला साल आठवत नाही, मास्तर आपला जून टाकून मोकळा. तुमचा स्वतःचा सरकारी वाढदिवसही 1 जूनच, आणि आजी मात्र तुम्ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालात म्हणायची. तेव्हा 1917 हे दोन वर्षं इकडे-तिकडे धरून चाला. आणि आपला अख्खा प्रश्न नेमका त्या दोन वर्षांत अडकलाय: जन्म मानमोडीच्या आधीचा असेल तर आई थोरली, नंतरचा असेल तर धाकटी.

जाता जाता, त्याच रजिस्टरामुळे फैजपूरच्या गोष्टीचंही थोडं बघावं लागेल. फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन डिसेंबर 1936 चं, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू. आपले आजोबा तिथे स्वयंसेवक होते असं तुम्ही वहीत छापायला घेतलंय. त्यांची शाळेतली तारीख 1926 ची. दोन वर्षं वाढवली तरी बारा वर्षांचं पोर. थोरले मात्र तेव्हा विशीच्या घरात होते. मला वाटतं गोष्ट खरी आहे, फक्त एका भावाची दुसऱ्याच्या नावावर चढली आहे. यावल-रावेर तालुक्यात आजोबा फैजपूरला नव्हते असं घर शोधूनही मिळायचं नाही म्हणा.

आता डीएनए. कॉलेजात पोरांना हेच शिकवते, तेव्हा थोडं सहन करा. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, केळीच्या मुनव्यासारखं. थोरले आणि आपले आजोबा एकाच बापाचे, याबद्दल कुणालाच शंका नाही. म्हणजे ती तपासणी करून आपल्या प्रश्नाचं काहीच उत्तर मिळणार नाही. आईकडून येतो तो मायटोकाँड्रियाचा डीएनए. तो मुलगा-मुलगी दोघांना मिळतो, पण पुढे फक्त मुलगीच देते. थोरल्यांचा थोरल्यांबरोबर गेला.

उरतो बाकीचा डीएनए, निम्मा आईचा, निम्मा बापाचा. सख्ख्या चुलत भावांत तो सरासरी साडेबारा टक्के जुळतो. बाप सावत्र भाऊ असतील तर सव्वासहा. दादाशी मी ताडून बघितलं तर हेच आकडे सुमारे तीन आणि दीड टक्क्यांवर येतात आणि एकमेकांत इतके मिसळतात की काहीच ठरवता येत नाही. म्हणून करायचीच असेल तर तपासणी तुमची आणि भुसावळच्या काकांची, म्हणजे थोरल्यांच्या मुलाची, आमची पोरांची नव्हे. जुनं माणूस जितकं जवळचं, तितका फरक स्पष्ट. पण हे आकडेही सरासरीचे. प्रत्यक्षात सख्ख्या चुलत भावांत आठ टक्केही येतात आणि सोळाही. त्यात आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या त्याच वीस-पंचवीस गावांत सोयरिकी, मामाच्या मुली केलेल्या. अशा घरांत माणसं आधीच एकमेकांशी इतक्या वाटांनी जोडलेली असतात की यंत्र नातं असतं त्यापेक्षा जवळचं सांगतं. कंपनीच्या अहवालात "सख्खे चुलत भाऊ" छापून आलं, तर ते अशा सोयरिकींचा हिशोब धरून आलंय का, हे आधी बघायला हवं.

आणि खरी मेख पुढेच आहे. आई परवा सहज म्हणाली, दोन्ही पणज्या एकाच घरच्या, थोरली गेली म्हणून तिच्याच धाकट्या बहिणीला दिली, तान्ह्याचे हाल नकोत म्हणून. हे खरं असेल तर थोरले आणि आपले आजोबा बापाकडून भाऊ आणि आईकडून मावसभाऊ. मग तुमचा नि काकांचा आकडा सरासरी साडेनऊच्या आत-बाहेर, सख्खे आणि सावत्र यांच्या बरोबर मधे. तिथून कुठलाच निकाल निघणार नाही. दोघी सख्ख्या बहिणी म्हणजे मायटोकाँड्रियाही तीच, म्हणजे थोरल्यांची लाळ आज हाताशी असती तरी भागलं नसतं.

वाट एकच दिसते आणि ती आईच्या डोक्यात आहे. पहिल्या पणजीला एक मुलगीही झाली होती, ती सावद्याला दिली होती. तिची नात अजून आहे. तिच्याशी काकांचं किती जुळतं आणि तुमचं किती, हे शेजारी ठेवून बघितलं आणि काकांचं ठळकपणे जास्त निघालं, तर थोरले सावद्याच्या त्या मुलीचे सख्खे भाऊ असण्याकडे कल जाईल. कल म्हणतेय, खात्री नाही. पण ती मुलगी तुमच्या वहीत आहे का? नाही. भाटाने लिहिली नाही म्हणून तुम्हीही लिहिली नाहीत.

इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचं असंच झालं. 1485 मध्ये मेलेला राजा. त्याची हाडं 2012 मध्ये लेस्टर गावात मोटारी लावायच्या जागेखाली सापडली. वंशावळीत मानाने मिरवणाऱ्या पुरुषवंशाशी वाय जुळलंच नाही, कारण मधल्या कुठल्या तरी पिढीत कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. ओळख पटायला मदत केली ती त्याच्या बहिणीच्या लेकी-नातींच्या साखळीने.

यावरून पावागडाची गोष्ट निघते, कारण पावागडाच्या पायथ्याचं चांपानेर गुजरातच्या सुलतान महमूद बेगड्याने घेतलं ते त्याच्या आदल्याच वर्षी, 1484 मध्ये. पावागड पडला आणि आपण गुजरातेतून तापीकाठी आलो असं भाट सांगतो, आणि दादाच्या अहवालातल्या रंगीत नकाशात गुजरातेवर ठिपका आहे म्हणून तुम्ही खूश आहात. बाबा, तो नकाशा आज तपासणी केलेल्या माणसांशी तुलना करून काढलेला असतो. पूर्वज 1484 मध्ये कुठे होते हे त्यात लिहिलेलं नसतं. कंपनीकडचे नमुने वाढले की टक्के बदलतात, दुसऱ्या कंपनीत तर वेगळेच येतात. आपण गुजरातेतून आलो असूही. बोलीत, आडनावांत, रितींत त्याच्या खुणा आहेत आणि त्या मला ठिपक्यापेक्षा जास्त पटतात. छापायचं तर "भाटाच्या सांगण्यानुसार" असं म्हणून छापा.

आई, आता तुला. तू आणि आत्या दुपारी निवांत बसाल तेव्हा भाचीला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांग. कोण कुठे दिली, कुणाचं माहेर कुठलं, कोण बाळंतपणात गेली. फक्त तू स्वतः पाहिलेलं कोणतं आणि सासूकडून ऐकलेलं कोणतं, ते वेगवेगळं सांग. तुझ्या लग्नानंतरचं तू सांगितलंस की मी डोळे मिटून लिहीन. पणजींच्या बहिणी असण्याची गोष्ट मात्र तुझ्याकडेही ऐकीवच, तेव्हा त्यांच्या माहेरच्या गावीही विचारायला हवं.

किटाबद्दल शेवटचं. लाळ तुमची, पण त्यात आत्या, काका, आम्ही सगळे थोडेथोडे आहोत. अशा तपासणीत कधी कधी भलतंच निघतं, न विचारलेलं. काकांना रक्तदाबाचा त्रास आहे आणि स्वतःच्या आईवर त्यांचा फार जीव होता. त्यांना काय शोधतोय ते स्वच्छ सांगा आणि ते नको म्हणाले तर नको. माहिती एकदा गेली की परत येत नाही, हेही आहेच: ट्वेंटीथ्री अँड मी या मोठ्या कंपनीतून 2023 मध्ये सुमारे 69 लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च 2025 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. दादाला मी वेगळं लिहिते. तो रागावणार नाही, त्याला मुळात दोघांपैकी कोणती पणजी हेच ठाऊक नाही.

वहीत मी पेन्सिलीने प्रत्येक नावासमोर एक मोकळा रकाना आखलाय. हे नाव कुठून कळलं ते त्यात लिहा: भाट, कोतवाल बुक, शाळा, वारसाचा फेरफार, की आत्या. दोन ठिकाणी दोन गोष्टी असतील तर दोन्ही लिहा, एक खोडू नका. छापखान्याला अजून आगाऊ पैसे दिले नसतील तर देऊ नका. आणि सावद्याला जाणार असाल तर आईला बरोबर न्या, त्या घरी तुम्हाला कोणी ओळखत नाही.

तुमची,
बेबी

ता. क. तहसीलचा अर्ज मी लिहून सोबत जोडलाय. सही आणि गट नंबर तेवढा तुम्ही घाला.