गर्भाशयमुख तपासणीसाठी आर्थिक साहाय्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

धाराशिव जिल्ह्यातील आमचे महिला मंडळ वाड्यावस्त्यांवरील 30 वर्षांपुढील महिलांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सुरू करीत असून, त्यासाठी आपल्या मदतीची गरज आहे.

या तपासणीचे शास्त्र बायकांच्या सहकार्यावरच उभे राहिले. मूळचे ग्रीसचे डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ न्यूयॉर्कमध्ये गिनीपिगच्या योनिस्रावातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. तेच काम माणसांत सुरू केल्यावर त्यांच्या पत्नी आंद्रोमाखी यांनी वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले. काचपट्टीवर पसरलेल्या पेशींत कर्करोग ओळखता येतो, हे पापानिकोलाऊ यांनी 1928 मध्ये मांडले. रोमानियातील बुखारेस्टचे डॉ. ऑरेल बाबेश त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच निष्कर्षावर आले होते, तरीही 1943 मध्ये पापानिकोलाऊ आणि हर्बर्ट ट्राउट यांचा ग्रंथ येईपर्यंत डॉक्टरमंडळींनी ते फारसे मनावर घेतले नाही. पुढे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या संशोधनातून या रोगामागचा एचपीव्ही विषाणू उघड झाला आणि थेट त्याचीच तपासणी शक्य झाली.

खेड्यापाड्यांत एकदाच केलेल्या तपासणीने जीव वाचतात का, याचे उत्तर मात्र आपल्याच जिल्ह्यातून मिळाले. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 पासून येथील 1,31,746 महिलांचा अभ्यास केला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्मे असल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या त्या महिलांबद्दल पुढे नैतिक प्रश्न विचारले गेले आणि ते विचारले जाणे योग्यच होते. ज्यांच्यामुळे जगाला हा पुरावा मिळाला, त्यांच्याच लेकीसुना तपासणीवाचून राहाव्यात, हे आम्हाला पटत नाही.

एचपीव्हीसाठीचा नमुना बाई पडद्याआड स्वतःच छोट्या ब्रशने घेऊ शकते, त्यामुळे लाजेने मागे राहणाऱ्याही पुढे येतील. जमा होणारा निधी किट, प्रयोगशाळेचे शुल्क आणि दोष आढळलेल्या महिलांना उपचारासाठी नेण्या-आणण्याचा खर्च यांवरच वापरला जाईल. हा शेवटचा खर्च आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण उपचारापर्यंत न पोहोचलेली तपासणी निरुपयोगी ठरते.

देणगी धनादेशाने मंडळाच्या नावे अथवा रोखीने कार्यालयात द्यावी. प्रत्येक रकमेची पावती मिळेल. ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी शिबिराच्या दिवशी आपले वाहन उपलब्ध करून द्यावे, ही विनंती.

आपल्या,
महिला मंडळाच्या अध्यक्षा व सर्व सदस्या